मुऐदरचा पानमळा

“ताई, चपला तिकडं.”

आमच्या घराच्या बाजूच्या बोळात शिरताना मामांचं हे पहिलं वाक्य असायचं. बोळ जेमतेम चार फूट रुंद. एका बाजूला व्हिलाची भिंत, दुसऱ्या बाजूला कंपाउंडची, आणि वर ओळीनं तीन एसींची गरम हवा फेकणारी धुडं. जून महिन्यात कतारमधल्या ह्या मुऐदर भागात फरशीवर अनवाणी उभं राहून बघा एकदा, म्हणजे ह्या वाक्याचं वजन कळेल. मामांनी त्यावर तोड काढली होती. एसीचं रिकामं खोकं उसवून ते फरशीवर पसरायचे आणि त्यावर उभे राहायचे. पाय भाजले तर पुठ्ठा बदलायचे, पण माझ्या पानवेलीजवळ चप्पल नेत नसत.

मामा म्हणजे आमच्या घरमालकाचा मेंटेनन्सवाला माणूस. घरमालकाच्या मुऐदरमध्ये पाच व्हिला, प्रत्येकीचे दोन-तीन भाग करून भाड्यानं दिलेले. त्या सगळ्यांचे एसी, नळ, दिवे, गिझर मामांच्या हातात. वय पंचावन्नच्या आसपास, अंगानं काटक, मिशी पांढरी आणि केस मात्र काळे. मिरजेकडच्या एका गावचे. एकोणीस वर्षं कतारमध्ये, एकटे. कंपनीच्या खोलीत आणखी पाच जणांबरोबर राहायचे. आम्ही मूळचे नाशिकचे, नवरा गॅस कंपनीत आणि मी मुशैरिबमधल्या एका इंजिनिअरिंग ऑफिसात. मराठी ऐकून ते पहिल्याच दिवशी मला ताई म्हणाले आणि आमच्याकडून त्यांना मामा हे नाव पडलं.

तो पहिला दिवस मे महिन्यातला. बेडरूमचा एसी गार करत नव्हता म्हणून ते आले होते. काम झाल्यावर स्वयंपाकघराच्या दारातून बाहेर पडताना एकदम थांबले. दाराशी एका बादलीत माझी पानवेल होती. मैत्रिणीनं दिलेली फांदी. पूजेला विड्याची पानं घरची असावीत एवढीच माझी हौस. वेलीला तेव्हा चार पानं होती आणि चारही कडेनं जळलेली.

मामांनी हातातली हत्यारं खाली ठेवली. उकिडवे बसले. एक पान दोन बोटांत धरलं, उलटं करून बघितलं आणि मान वर न करता म्हणाले, “हिला उन्हात कुणी ठेवली?”

“वेलीला ऊन लागतं ना?”

“उजेड लागतो. ऊन न्हाई.”

“पाणी रोज घालते मी. दोनदा.”

“पाण्यानं काय होतंय? हवा कोरडी हाय. हिला घाम आल्यासारखी हवा लागती.” मग जरा वेळानं, जणू स्वतःशीच म्हणाले, “आमचा पानमळा हाय.”

एवढंच बोलून ते गेले. पुढच्या शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, सकाळी सातला बेल वाजली. दारात मामा. हातात हिरव्या जाळीची गुंडाळी, खांद्यावर बासमतीच्या सात-आठ तागाच्या पिशव्या. “ताई, बोळ बघू का?”

त्या दिवसापासून तो बोळ माझा राहिला नाही.

त्यांनी काय काय केलं ते सांगते. एसींच्या खालून बोळावर जाळी ताणली, एकावर एक दोन थर. तिन्ही एसींच्या नळ्यांतून ठिबकणारं पाणी एका निळ्या पिंपात आणून सोडलं, कारण ते पाणी गोडं, पावसासारखं, आणि नळाच्या पाण्याचं काही खरं नाही, असं त्यांचं मत. तागाच्या पिशव्या भिंतीला टांगल्या आणि त्या सतत ओल्या राहतील अशी बारीक नळी वरून फिरवली. खजुराच्या झावळ्यांचा चुरा, शेणखत आणि वाळू कालवून नवी माती केली आणि भिंतीकडच्या दोन फरश्या काढून वेल तिथं लावली. वेलीच्या बुडाशी शेवग्याचं बी लावलं. “गावाकडं शेवरीच्या झाडावर चढवत्यात. हितं शेवगा लौकर येतो. तवर बांबू.”

बाहेर अंगण तापून निघत असताना त्या बोळात शिरलं की अंगाला ओलसर गारवा लागायचा. माझा नवरा एकदा म्हणाला, “आपल्यापेक्षा हिचा एसी चांगला चालतो.”

“तिचं काम बी जास्त हाय,” मामा म्हणाले.

वेलीबद्दल ते नेहमी ‘ती’ म्हणून बोलायचे. “ती आज रुसलीय.” “तिला वारं लागलं.” वाळूचं वादळ येऊन गेलं की दुसऱ्या दिवशी ओल्या फडक्यानं एकेक पान पुसायचे, लेकराचं तोंड पुसावं तसं. आणि मी कधी म्हटलं की आता पाच पानं तोडू का, तर ठरलेलं उत्तर यायचं, “घाई न्हाई.” श्रावण गेला, गौरी-गणपती गेले, दिवाळी गेली. मी दुकानातली सुकलेली पानं आणून पूजा करत होते आणि बोळात तळहाताएवढी पानं डोलत होती. “घाई न्हाई, ताई. तिला अंग धरू द्या.”

एकदा घरमालकच दारात उभा राहिला. उंच, पांढऱ्या झग्यातला, मितभाषी माणूस. जाळी कशाची म्हणून आत डोकावला आणि वेल बघून त्याच्या कपाळावर आठी आली. पान म्हणजे लाल थुंकी, एवढंच त्याच्या डोक्यात. मामांनी घाईनं हात हलवले. “मा फी थूक-थूक, बाबा! पूजा, पूजा! भगवान!” म्हणजे थुंकण्याचं नाव नाही, हे देवासाठी. घरमालकानं एक पान वाकून हुंगलं. “इन्शाल्ला,” म्हणाला आणि निघून गेला. ह्या इन्शाल्लाचा अर्थ ‘राहू दे’ असा मामांनी लावला आणि तो बरोबर निघाला.

गंमत म्हणजे मामा स्वतः पान खात नसत. “सोसत न्हाई मला.” गुढीपाडव्याला अखेर पहिली पाच पानं मिळाली. त्यासाठी त्यांनी एसीच्या तांब्याच्या नळीचा तुकडा ठोकून अंगठ्यावर बसेल असं नख बनवलं होतं. गावाकडं पान खुडायला तसंच लोखंडी नख वापरतात म्हणे. टक् टक् असा पाच वेळा आवाज आला. पाच पानं माझ्या ताटात ठेवून त्यांनी अंगठा नाकाशी नेला आणि बराच वेळ तसाच धरून ठेवला.

आता तो दुसरा नियम. हा चपलांसारखा सरळ सांगता येण्याजोगा नव्हता. त्यांनी तो माझ्या नवऱ्याला सांगितला आणि नवऱ्यानं मला, टीव्हीकडे बघत. “मामा म्हणत होते... म्हणजे त्यांच्याकडे तसं असतं... महिन्यातले चार दिवस तू बोळात नको जाऊस.”

मी आधी हसले, मग चिडले. पुढच्या शुक्रवारी मामांना सरळ विचारलं. ते पुठ्ठ्याकडे बघत राहिले. “मळ्यात चालत न्हाई, ताई. येल जळती. आमच्याकडं बायका बांधावर बसून पानं मोजून करंडीत लावत्यात, आत येत न्हाईत.”

“आणि तुम्हाला हे पटतं?”

“पटायचं काय त्यात? नेम हाय.”

वाद घालता आला असता. पण आठवड्यातल्या एकुलत्या एक सुट्टीला पहाटे उठून, दोन बसा बदलून येणारा तो माणूस समोर उभा होता. मी म्हटलं, ठीक आहे. आणि खरं सांगायचं तर पुढचे कित्येक महिने मी तो नेम पाळलाही; रोजचं पाणी मामा कामाच्या फेरीत येऊन घालायचेच. तुम्हीही कुणासाठी तरी असं काही पाळलं असेल, न पटता.

त्यांना एक मुलगी होती, अश्विनी. शेतकीचा डिप्लोमा झालेली, बावीस वर्षांची. बायको चार वर्षांपूर्वी गेली होती आणि अश्विनी चुलत्याकडे राहत होती. मामांच्या वाटणीचा अठरा गुंठे पानमळा थोरले भाऊच बघायचे, पण आता त्यांचे गुडघे गेले होते. “मी करते” असा अश्विनीचा घोषा चालू होता. मामांना तिचं कौतुक फार. तिनं पाठवलेले मातीचे, खतांचे निरोप ते मला वाचून दाखवायचे. पण मळ्याचा विषय निघाला की पुढे म्हणायचे, “पोरीच्या जातीला न्हाई जमत ते. काढून टाकू मळा. ऊस लावू.” हे बोलताना त्यांचा हात नेमका वेलीवर असायचा.

दुसऱ्या वर्षी जुलैत मामा पडले. एका व्हिलाच्या गच्चीवरून उतरताना शिडी सरकली आणि टाचेचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, मग खोलीवर पडून राहायचं. आम्ही दोघं भेटायला गेलो. पाय उशीवर ठेवून, भिंतीकडे बघत पडले होते. मला बघून पहिलं वाक्य, “पिंपात पाणी हाय न्हवं?”

त्यानंतर मी रोज सकाळी ऑफिसला जायच्या आधी आणि आल्यावर बोळात जाऊ लागले. पिशव्या ओल्या आहेत का बघायचं, पानं पुसायची, फोटो काढून मामांना पाठवायचे. चार दिवस सोडून द्यायची चैन आता परवडणारी नव्हती. नवरा पहाटे साडेचारच्या बसनं जायचा तो संध्याकाळी यायचा. एक दिवस पाणी चुकलं तरी त्या उन्हात वेल संपली असती. मी जात राहिले आणि त्याबद्दल मामांशी काही बोलले नाही.

ऑगस्टमध्ये हवेतला दमटपणा वाढला आणि एका सकाळी वेलीचं बूड काळं पडलेलं दिसलं. हात लावला तर मऊ लागलं. मी लगेच मामांना व्हिडिओ कॉल केला.

त्यांनी मला फोन बुडाजवळ न्यायला लावला. मग म्हणाले, “मर आली. बूड कुजायचा रोग. आजच्या आज उतरण करायला लागंल. न्हाईतर ऱ्हात न्हाई ती.”

उतरण म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. वेल आधारापासून सोडवून खाली घ्यायची, जुन्या खोडाची वेटोळी करून मातीत पुरायची आणि फक्त शेंडा पुन्हा वर चढवायचा. पुरलेल्या पेरांना नवी मुळं फुटतात. मळ्यात हे काम घरातले जाणते पुरुषच करतात. इथं तर आधी सडलेला भाग कापून टाकायचा होता, आणि मी आयुष्यात कोथिंबिरीपलीकडे काही कापलेलं नव्हतं.

मामा फोनमधून माझ्याकडे बघत होते. मग नजर वळवून म्हणाले, “ताई, आज... अडचण न्हाई न्हवं काय?”

नेमका माझा दुसरा दिवस होता.

“नाही,” मी म्हटलं. आणि तसं पाहिलं तर अडचण मला नव्हतीच.

ऑफिसला सुट्टी टाकली. तीन तास ते काम चाललं. फोन शेवग्याच्या बेचक्यात अडकवलेला आणि त्यातून मामांचा आवाज. “हळू. ती मुडपंल. अंगठ्यानं सोडवा, वढू नका. सुरी इस्तवावर धरली होती न्हवं? आता काळ्याच्या वर दोन पेरं सोडून कापा. घाई न्हाई.” मी सुरी टेकवली आणि पुन्हा उचलली. मामा म्हणाले, “भिऊ नका. आमचा म्हातारा बी भ्यायचा.” शेवटी मातीवर ओलं पोतं अंथरलं आणि शेंडा केळीच्या सोपटानं शेवग्याला बांधला, तेव्हा माझ्या कोपरापर्यंत चिखल होता. मामांनी फोन छातीवर ठेवला असावा, कारण पडद्यावर नुसतं छत दिसत होतं. “झ्याक झालं,” छताकडून आवाज आला.

सव्विसाव्या दिवशी पहिला फुटवा दिसला.

ऑक्टोबरच्या मध्यावर मामा कुबडी घेऊन आले. बोळाच्या तोंडाशी बसून आधी चांगल्या पायातला, मग दुखऱ्या पायातला बूट काढला. त्याला पाच मिनिटं लागली. मदत करू दिली नाही. वेल पुन्हा खांद्याइतकी झाली होती. ते नुसते बघत राहिले. मग खिशातून फोन काढून अश्विनीला व्हिडिओ कॉल लावला.

“बघ. ताईंनी उतरण केली. बघ कशी आलीय.”

“भारी आलीय की!” तिकडून खणखणीत आवाज आला. “बाबा, ताई पण बाईच आहेत ना? मग मला का नाही म्हणता?”

“त्यांनी नेम पाळून केली. एका दिसाचं काम हुतं. मळ्याची उतरण पंधरा-वीस दिस चालती. मधी तुझे चार दिस आलं तर काय करणार? थांबणार व्हय येल?”

  तिकडचा खणखणीत आवाज एकदम बंद झाला, ते मला सहन झालं नाही.

“मामा,” मी म्हटलं, “मी नेम पाळला नव्हता.”

ते माझ्याकडे वळले.

“उतरण केली त्या दिवशी माझा दुसरा दिवस होता. आणि तुम्ही पडलात तेव्हापासून मी एकही दिवस चुकवलेला नाही. रोज आले.”

मामांनी फोन बंद केला. खोटं बोलला व्हय ताई, असं अगदी हळू म्हणाले. मी हो म्हटलं. त्यांनी पुन्हा पाच मिनिटं घेऊन बूट घातले. तो वेळ फार लांब वाटला. मग कुबडी टेकत, चहाला न थांबता निघून गेले.

पुढचे तीन शुक्रवार ते आले नाहीत. एसीचे फिल्टर धुवायला दुसराच माणूस आला. नवरा म्हणाला, “वेल जगली होती, माणूस बरा झाला होता. कशाला बोललीस?”  पानं पुसताना रोज वाटायचं, आपण एका भल्या माणसाला त्याच्या लेकीसमोर उघडं पाडलं.

चौथ्या शुक्रवारी बेल वाजली. मामा आत आले, बोळात गेले, पुठ्ठ्यावर बसले. बराच वेळ एक पान उलटसुलट करत राहिले. मी दारात उभी.

“माझ्या लहानपणी निम्मा मळा मेला,” त्यांनी एकदम सुरुवात केली. “अशीच बुडं काळी पडली. समद्यांनी माझ्या आईवर आळ घेतला. ती नेम मोडून आत गेली म्हणून झालं, असं. ती म्हणायची, न्हाई गेले. कुणी ऐकलं न्हाई. त्यानंतर मरंपतुर तिनं मळ्यात पाऊल टाकलं न्हाई. बांधावर बसायची, पानं लावायची आन् आत बघायची.”

त्यांनी हातातलं पान सोडलं. 

“मी बी बोललो हुतो तिला. धा-बारा वर्साचा असंन. समदे बोलत्यात म्हणून मी बी.” त्यांनी मिशीवरून हात फिरवला. “ते पावसाचं साल हुतं, ताई. पाणी साचलं हुतं मळ्यात. मर आली हुती. दुसरं काय न्हवतं.”

एसीचं पाणी पिंपात ठिबकत होतं. मी आत जाऊन चहा ठेवला, कारण ते रडत होते आणि मी तिथं उभी राहणं त्यांना जड गेलं असतं.

चहा घेताना त्यांनी सांगितलं की अश्विनीनं सोमवारपासून मळ्यात उतरण सुरू केलीय. मी विचारलं, “तुम्ही हो म्हणालात?”

“न्हाई म्हणलो न्हाई,” मामा म्हणाले आणि बशीतला चहा भुरकला.

टाच पूर्वीसारखी झाली नाही. शिडीवरची कामं बंद झाली आणि फेब्रुवारीत त्यांनी खलास केलं, म्हणजे नोकरी सोडून कायमचे गावी गेले. जाण्याआधी सूक वाकिफच्या बाजारातून त्यांनी अश्विनीसाठी अत्तराची बाटली घेतली. कुठलं घेऊ म्हणून मला सोबत नेलं होतं. दहा दुकानं फिरलो, दहाही ठिकाणी त्यांनी हुंगून नकाराची मान हलवली. शेवटी गुलाबाचं घेतलं, तेही दुकानदाराला वाईट वाटू नये म्हणून.

वेल अजून आहे. शेवगा आता जाळीला टेकलाय. मी पानं खुडते, ऑफिसातल्या मराठी-गुजराती बायकांना सणावाराला देते. मामांचा फोन महिन्या-दोन महिन्यांनी येतो, बोलणं कमीच. अश्विनी मात्र फोटो पाठवत असते. मळ्याचं सगळं ती बघते. मामांकडे आता फक्त मिरजेचा बाजार आहे.

गेल्या आठवड्यात तिचा एक फोटो आला. सकाळची कोवळी उन्हं. टेम्पोच्या हौद्यात पानांच्या करंड्या रचलेल्या, वर ओलं फडकं. त्या करंड्यांना पाठ टेकून मामा झोपलेत, तोंड जरासं उघडं, टोपी नाकावर घसरलेली. कतारच्या त्या दोन वर्षांत मी त्यांना असं निवांत कधी बघितलं नव्हतं.

खाली अश्विनीनं लिहिलं होतं, “मिरज आलं, पण उठवलं नाही. करंड्या मीच उतरवते.”